गाडी नसलेल्या वाटेनं फ्रान्स बघा

गुडघे दुखतात, दम लागतो, सायकलीला हात लावून तीस वर्षं झाली, आता काय हे वय आहे का, ही कारणं ज्यांच्या जिभेवर तयार आहेत, त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे. पुणे ते गोवा सायकलीनं गेल्याशिवाय ज्यांचा डिसेंबर पुरा होत नाही, त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. त्यांनी खुशाल आल्प्सचे घाट चढावेत. मी बोलतोय ते माझ्यासारख्यांशी. मी एकसष्टचा, बायको अठ्ठावन्नची. तिच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे पाहिला की डॉक्टर आधी मान हलवतात, मग बोलतात. अशा आम्हा दोघांनी जून महिन्यात फ्रान्सच्या बुर्गोन्य भागात सहा दिवस सायकल चालवली. रोज साधारण वीस ते तीस किलोमीटर. वाटेत म्हाताऱ्या बायका आम्हाला मागं टाकून गेल्या, आणि त्याचं आम्हाला काही वाटलं नाही.

म्हणून विनंती अशी, की युरोपची पुढची सहल ठरवताना ‘दहा दिवसांत सात देश’ हा कागद एकदा बाजूला ठेवा. बसच्या काचेतून दिसलेला फ्रान्स म्हणजे आयफेल टॉवर, पार्किंग आणि स्वच्छतागृहासाठी सुटे युरो. खरा फ्रान्स खेड्यात आहे. आणि त्या खेड्यांमधून मोटारीला मज्जाव असलेल्या हजारो किलोमीटरच्या वाटा जातात, हे आपल्याकडं फारसं कुणी सांगत नाही.

या वाटेला तिथं ‘व्हॉआ व्हेर्त’ म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. नाव कवीला सुचल्यासारखं वाटलं, तरी मामला कायद्याचा आहे. 2004 पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांत या वाटेची व्याख्याच आहे: पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव. मोटार नाही, मोटारसायकल नाही, स्कूटीही नाही. आणि तिथं हा नियम पाळतात.

आता या वाटा सपाट का, ते सांगतो, कारण गुडघेवाल्यांना त्यातच रस असणार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेसिने नावाच्या बांधकाम मंत्र्यानं देशातल्या लहानातल्या लहान ठाण्यापर्यंत रेल्वे न्यायची योजना काढली. 1879 पासून रूळ पडत गेले. पुढं बस आल्या, मोटारी आल्या, गावागावांतल्या त्या गाड्या रिकाम्या धावू लागल्या आणि विसाव्या शतकात एकेक करून बंद झाल्या. रूळ उपटले, पण मातीचे भराव, टेकड्या फोडून केलेले खंदक, पूल, बोगदे सगळं जागेवर राहिलं. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही. त्यामुळं शंभर मीटर पुढं गेल्यावर दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा ठेवलेलाच नसायचा. इंजिनाचा हा अशक्तपणा आज आपल्या कामी येतो. जिथं जुनी मालगाडी धापा टाकत चढली, तिथं साठीतला माणूस गप्पा मारत चढतो.

आम्ही गेलो ती वाट या सगळ्यांत थोरली. जिव्री ते क्ल्युनी, 44 किलोमीटर, 1997 मध्ये खुली झाली. फ्रान्समधली ही पहिली हिरवी वाट. आज ती उत्तरेला शालों-सुर-सोन आणि दक्षिणेला माकों या रेल्वेच्या गावांपर्यंत जोडलेली आहे. परतताना सोन नदीच्या काठाकाठानं तुर्न्यू गावावरून पुन्हा शालोंला येता येतं. सगळा फेरा मिळून सव्वाशे-दीडशे किलोमीटर. बसला दोन-अडीच तासांचं अंतर, आम्ही त्याला सहा दिवस लावले. हाच माझा सगळा मुद्दा आहे.

जिव्री आणि ब्युक्सी ही द्राक्षबागांची गावं. नाशिककडच्या माणसाला इथली बाग पाहून पहिल्यांदा गंमत वाटेल, कारण वेल मांडवावर नसतात, कमरेइतक्या उंचीच्या ओळी असतात. वाट त्यांच्या कडेनं जाते. मग बागा संपतात, कुरणं लागतात, त्यांत शारोले जातीच्या पांढऱ्याशुभ्र गाई. कुठं जुनं रेल्वे स्टेशन, फलाट तसाच, खिडक्यांत कुंड्या. कुठं गावाची धुण्याची जागा, दगडी हौद आणि वर कौलारू छप्पर. कॉर्मातँला सतराव्या शतकातला एक वाडा आहे, चारी बाजूंनी खंदकाचं पाणी. पुढं तेझे. रॉजे नावाच्या धर्मबंधूनं 1940 मध्ये या खेड्यात येऊन वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या लोकांना एकत्र राहण्याचा आश्रम उभारला. उन्हाळ्यात जगभरची तरुण पोरं तिथं तंबू ठोकून असतात.

आणि मग क्ल्युनी. 910 साली स्थापन झालेला मठ. रोमचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं चर्च इथं होतं. राज्यक्रांतीनंतर ते विकलं गेलं आणि विकत घेणाऱ्यांनी दगडांच्या खाणीसारखं फोडून नेलं. आज एक बाजू आणि एक उंच मनोरा तेवढा शिल्लक आहे. बसनं आलेल्या मंडळींना बहुधा इथं अर्धा तास मिळतो. आम्ही दोन रात्री राहिलो, बाजार केला, बकरीच्या दुधाचं गोल चीज आणि चेरी घेऊन त्या मनोऱ्याकडं बघत खाल्लं.

क्ल्युनीच्या पुढं ब्वा-क्लेरचा बोगदा लागतो. तोही जुन्या रेल्वेचाच, 1.6 किलोमीटर लांब. बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि आत शिरल्याबरोबर अंगावर काटा येतो. दिवे आहेत, पण स्वेटर वरच्याच पिशवीत ठेवा. हिवाळ्यात वटवाघळं इथं झोपायला येतात म्हणून बोगदा बंद ठेवतात आणि सायकलवाल्यांना डोंगरावरून वळसा घ्यावा लागतो. वटवाघळांची झोप मोडू नये म्हणून माणसांनी घाट चढायचा, हे मला फार आवडलं.

आता गुडघ्याकडं वळतो.

आपल्याकडं सायकलीची सीट खाली ठेवायची सवय आहे. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर पडू, ही लहानपणीची भीती. तीच गुडघ्याचा घात करते. सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेरीत पार दुमडलेला राहतो आणि वाटीवर जोर येतो. पहिल्या दिवशी दुपारीच बायकोनं पाय धरला. “अहो, मला नाही वाटत हे जमेल. तुम्ही जा पुढं, मी बसनं येते.” बस नव्हतीच. शेवटी एका बाकावर सायकल टेकवून मी सीट चार बोटं वर केली. पुढं पाच दिवसांत त्या गुडघ्याचं नाव निघालं नाही. रीत सोपी आहे. सीटवर बसा, पॅडल अगदी खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा ठेवलात की गुडघा जेमतेम वाकलेला राहतो. पाय जमिनीला टेकणार नाहीत. थांबताना सीटवरून पुढं उतरायचं. घराजवळच्या मैदानात दोन दिवस हे केलंत की भीती जाते.

दुकानदारानं भाड्याची सायकल देताना यातलं काही पाहिलं नव्हतं. “सगळं ठीक आहे” म्हणून किल्ल्या हातात दिल्या. म्हणून सांगतो, सायकल ताब्यात घेताना घाई करू नका. अर्धा तास तिथंच फेऱ्या मारा, सीट लावून घ्या, दोन्ही ब्रेक बघा, पंप आणि जादा ट्यूब मागून घ्या. आडवी दांडी नसलेली सायकल मिळते, ती मागा. मोटरची सायकलही मिळते. त्यात कमीपणा नाही. पॅडल मारल्याशिवाय ती चालत नाही, ताशी 25 किलोमीटरच्या वर मोटर साथ देत नाही, आणि हिरव्या वाटेवर तिला परवानगी आहे.

दुसरी गोष्ट गिअरची. जड गिअर लावून दात-ओठ खाऊन रेटणं म्हणजे ताकद नव्हे. हलका गिअर लावा, पाय भराभर फिरू द्या. या साध्या गोष्टीसाठी फ्रान्समध्ये एकेकाळी भांडणं झाली आहेत. सेंट-एतियेनचा पॉल द व्हिव्ही, टोपणनाव व्हेलोसियो, यानं 1887 पासून सायकलींचं मासिक चालवलं. माणसानं चढाला गिअर बदलावा, भूक लागायच्या आधी खावं, तहान लागायच्या आधी प्यावं आणि मोठेपणा मिरवण्यासाठी पॅडल मारू नये, हे तो वर्षानुवर्षं सांगत राहिला. शर्यतवाल्यांना गिअर म्हणजे बायकांची आणि म्हाताऱ्यांची सोय वाटे. ‘तूर द फ्रान्स’मध्ये गिअर बदलण्याच्या यंत्राला परवानगी मिळाली ती थेट 1937 मध्ये, आणि त्या वर्षी जिंकला रॉजे लापेबी. आज बोर्दोपासून सोव्हतेरपर्यंत, सुमारे 55 किलोमीटरच्या हिरव्या वाटेला त्याचंच नाव आहे. म्हाताऱ्यांची सोय अशी जिंकली.

त्याच्या आदल्या वर्षी, 1936 मध्ये, फ्रान्सच्या कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. त्या उन्हाळ्यात हजारो जोडपी सायकलींवर, जोडसायकलींवर तंबू बांधून निघाली. हौशी श्रीमंतांचं खूळ म्हणून ही सफर सुरू झाली असेल, पण रुजली ती गिरणी-कारखान्यातल्या माणसांमुळं. त्यामुळं सायकलीवर आलेल्या पाहुण्याला तिथल्या खेड्यात कुणी खालच्या नजरेनं बघत नाही. चिखलानं भरलेले बूट दाराशी काढलेत की झालं.

आता खाण्याचं. फसलो ते इथंच.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ब्युक्सीहून सकाळी निघालो, म्हटलं वाटेत गाव आहे, पाव तरी मिळेलच. गावात पोचलो तर बेकरी बंद, खानावळ बंद, किराणा बंद. रविवारी काम केलेलं असतं म्हणून बरीच दुकानं सोमवारी बंद ठेवतात, हे आम्हाला कुठं ठाऊक! पुढच्या गावी पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. तिथं खानावळ उघडी होती, पण स्वयंपाकघर बंद. दुपारी बारा ते दोन ही जेवणाची वेळ. दोननंतर गयावया केली तरी कॉफीपलीकडं काही मिळत नाही. शेवटी धुण्याच्या हौदाच्या कट्ट्यावर बसून पुण्याहून नेलेलं भडंग आणि शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. बायको म्हणाली, “तरी मी म्हणत होते, अजून दोन पाकिटं घ्या.” त्यानंतर रोज रात्रीच दुसऱ्या दिवसाचा पाव, चीज, टोमॅटो आणि फळं पिशवीत भरून ठेवत गेलो. रविवार दुपार आणि सोमवार हे दोन वार विशेष लक्षात ठेवा. 14 जुलै आणि 15 ऑगस्टला तिथं सुट्टी असते, तेही.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण विचारायची लाज धरू नका. गरम बकरीच्या चीजचं सॅलड जवळपास सगळीकडं मिळतं, मात्र त्यावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे टाकायची पद्धत आहे. “सां लार्दों” म्हणा, म्हणजे ते नको. ऑम्लेट चालत असेल तर प्रश्नच मिटला.

पाणी नळाचं प्या. नळावर ‘ओ पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर पिण्याचं, ‘नों पोताब्ल’ असेल तर हातपाय धुवायचं. गावात नळ दिसला नाही तर दफनभूमीकडं जा. दचकू नका. थडग्यावरच्या फुलझाडांना पाणी घालायला तिथं नळ असतोच. पाटी वाचून बाटली भरून घ्यावी. सगळे सायकलवाले तेच करतात.

आणि ‘बोंजूर’. हा शब्द न बोलता दुकानात शिरून बोटानं पाव दाखवणं म्हणजे तिथं उद्धटपणा. आधी बोंजूर, त्यांचा बोंजूर येऊ द्यायचा, मग काय हवं ते. वाटेवर समोरून येणाऱ्यालाही म्हणायचं. आपल्या गावाकडच्या रामरामासारखंच ते. फ्रेंच लोक तुसडे असतात असं सांगणाऱ्यांनी हा एक शब्द गाळलेला असतो, अशी माझी खात्री झाली आहे.

धोक्याचंही बोलू. हिरवी वाट सुरक्षित, पण ती अधूनमधून डांबरी रस्ता ओलांडते, तिथं अडसर लावलेले असतात. थांबायचं आपण. मुक्कामाच्या गावात शिरताना मोटारींचा रस्ता लागतोच, आणि तिथं वाहतूक उजवीकडून चालते. दिवसभर बरोबर चालवलेली सायकल सकाळी चहा घेऊन निघताना हमखास डावीकडं जाते. आमची दोनदा गेली. पुढच्या हँडलला उजवीकडं लाल दोरा बांधा. फ्रान्समध्ये बाराच्या आतल्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, मोठ्यांना नाही, तरी घाला. कानात गाण्याच्या तारा अडकवून चालवणं मात्र सगळ्यांनाच बेकायदा.

आणखी वाटा किती तरी आहेत, पण पहिल्या खेपेला दोनच सांगेन. एक ही बुर्गोन्यची. दुसरी तुलूजहून पश्चिमेला जाणाऱ्या गारोन कालव्याची, 193 किलोमीटर, काठानं डांबरी वाट, आणि आजँला कालवाच पुलावरून नदी ओलांडतो. बोटी वरून, नदी खालून. तुलूजहून पूर्वेचा कानाल द्यु मिदी जास्त नावाजलेला आहे, आणि का नसावा? 1666 ते 1681 मध्ये रिके नावाच्या माणसानं समुद्राकडं 240 किलोमीटर पाणी नेलं. पण पहिले पन्नासेक किलोमीटर सोडले तर त्याची काठवाट बरीचशी खडबडीत आहे, झाडांची मुळं वर आलेली. शिवाय त्याची ती जुनी प्लेन झाडं 2006 पासून बुरशीच्या रोगानं तोडावी लागताहेत. तिथं दुसऱ्या खेपेला जा. लुआरकाठची वाटही दुसऱ्या खेपेचीच. 900 किलोमीटर, राजवाडेच राजवाडे, पण बरीच वाट गावरस्त्यांवरून मोटारींसोबत जाते. जाहिरातीतल्या फोटोत मोटार नसते म्हणून फसू नका.

मे, जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये खुद्द फ्रेंच लोक सुट्टीवर असतात. मुक्काम घरगुती खोल्यांमध्ये करा. ‘अक्य व्हेलो’ अशी पाटी असेल तर ती जागा वाटेपासून पाच किलोमीटरच्या आत असते, सायकल ठेवायला कुलूपबंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारं मिळतात. व्हिसासाठी राहण्याचे कागद द्यावे लागतात, म्हणून आधीच ठरवून घ्या. नाहीतरी लहान गावात दोन-तीनच खोल्या असतात. पॅरिसहून दिजोंपर्यंत वेगाची गाडी, पुढं शालोंपर्यंत टीईआर म्हणजे तिथली पॅसेंजर. सायकल नेण्याआणण्याच्या भानगडीत न पडता तिथंच भाड्यानं घ्या.

किलोमीटर मोजू नका. मोबाइलवर वेगाचा आलेख काढून तो गटात टाकण्यासाठी इतक्या लांब जायची गरज नाही, ते सिंहगड रस्त्यावरही होतं. दिवसाला तीस ठरवा, पंचवीसच झाले तर झाले.

तयारीला दोन महिने पुरतात, आठवड्यातून तीन दिवस, तासभर. गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरता ती सायकल या रविवारी खाली उतरवा. ट्यूब गेलेली असणार, ती बदला. आणि सीट चार बोटं वर करा.